‘राहणे’ हे क्रियापद आणि धाकटीचा व्हिसा

परदेशात नोकरी करू इच्छिणाऱ्या डॉक्टरापुढे त्या काळी कोणत्या वाटा होत्या, हे आजच्या तरुणांना सांगितले तर त्यांना नवल वाटते. तिकीट काढले की माणूस पोहोचला, असा त्यांचा समज असतो. म्हणून आधी त्या वाटा क्रमाने समजावून सांगते. त्या नीट कळल्याखेरीज माझ्या धाकट्या बहिणीची वाट एका साध्या क्रियापदाने कशी अडवली, हे लक्षात यायचे नाही.

पहिली वाट इंग्लंडची. तिकडे जायला आपल्या लोकांना तेव्हा व्हिसा लागतच नसे. आपला देश राष्ट्रकुलात; बोटीतून उतरावे आणि चालू लागावे. मात्र हाती पासपोर्ट हवा, त्या पासपोर्टात त्या देशाचे नाव हवे, आणि ते नाव आपले सरकार सहजासहजी लिहून देत नसे. शिवाय तिकडची नोकरी तिकडे गेल्यावरच शोधायची. माणूस समोर पाहून रुग्णालये नेमणूक करीत, आणि तोवर राहण्याखाण्याची व्यवस्था ज्याची त्याने पाहायची. ज्यांच्या घरी पूर्वी मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी होती, त्यांची मुले या वाटेने गेली.

दुसरी वाट पूर्व आफ्रिकेची किंवा मलायाची. तिथे सरकारी करारावर डॉक्टर घेत. वेतन बरे, पण नवे शिकण्यासारखे काही नाही. गावी जे करायचे, तेच दूर जाऊन करायचे.

तिसरी वाट अमेरिकेची, आणि तिला दोन फाटे. एक कायम वस्तीचा. पण भारतीयांच्या वाट्याला असे परवाने इतके थोडे येत की नाव नोंदवून माणसाने म्हातारे व्हावे. दुसरा फाटा प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या डॉक्टरांचा. तिकडच्या रुग्णालयाने जागा, खोली आणि हातखर्च द्यायचा. डॉक्टराने तिथे काम करीत शिकायचे. आणि मुदत संपली की मायदेशी परतायचे. आमच्याकडे त्याला ‘पाहुण्याचा व्हिसा’ म्हणत. त्याची मुख्य अट एकच होती, पण ती वाकवता येण्यासारखी नव्हती: हा उमेदवार परत जाईल, अशी व्हिसा देणाऱ्याची खात्री पटली पाहिजे. इतर सगळे बिनचूक असले आणि ही एक खात्री डळमळली, तर बाकीच्याचा काही उपयोग नसे.

हे सगळे मी घरी आईला याच क्रमाने समजावले होते. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतले आणि विचारले, “पाहुनी म्हणून जाऊन राहिली म्हणतेस, अन् मंग दिवसभर काम करून घेतीन तिच्याकून? हा कोनता पाहुनचार वं?”

आमचे घर कोष्ट्याचे. नागपुरात महाल भागाच्या पलीकडच्या वस्तीत, मागांच्या खडखडाटात आम्ही दोघी वाढलो. बाबा रेशीमकाठी लुगडी विणीत. मी शिकून मुलींच्या शाळेत मराठी शिकवू लागले होते, आणि धाकटी नागपुरातच निघालेल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली होती. आमच्या वस्तीतली ती पहिली डॉक्टरीण.

तिला शिकायचे होते ते भूल देण्याचे शास्त्र. हा विषय तिने का निवडला, हे सांगितले पाहिजे. रुग्णालयात उमेदवारी करताना तिने पाहिले होते, की शस्त्रक्रिया करणारे हात उत्तम असतात, पण रोग्याच्या नाकावर जाळी धरून औषधाचे थेंब टाकण्याचे काम ज्याला त्या दिवशी दुसरे काही काम नसेल त्याच्यावर सोपवतात. मोठी माणसे निभावून जात. लहान मुलांचे सांगता येत नसे. एकदा दुभंगलेल्या ओठाचे एक मूल टाके उत्तम बसूनही शुद्धीवर आले नाही. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि माझ्याजवळ बसून एवढेच म्हणाली, “ताई, शिवणारे पुष्कळ आहेत गं. श्वास सांभाळणारं कोणी नाही.” तेव्हापासून तिने दुसरा विषय मनात आणला नाही.

वस्तीत मात्र या विषयाची चेष्टाच झाली. भूल म्हणजे चूक, आणि भूल म्हणजे भुरळही. शेजारचे एक काका ओट्यावरून बाबांना हटकीत, “काहून गा, पोरगी येवढी डॉक्टर झाली अन् आता भूल पाडाले शिकून राहिली म्हणे?”

“हो.”

“आन् त्याच्यासाठी इलायतेले जाऊन राहिली?”

“इलायत नाही, अमेरिका.”

“पान्यापल्याड समदी इलायतच.”

आमच्या गल्लीतला एक मुलगा आदल्या वर्षीच त्या पाहुण्याच्या व्हिसावर अमेरिकेला गेला होता आणि तिकडच्या एका रुग्णालयात शिकत होता. त्याच्याकडून धाकटीने सगळी माहिती मिळवली. परदेशी पदवीधरांसाठी एक परीक्षा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. ती परीक्षा धाकटी पहिल्या खेपेस उत्तीर्ण झाली. एका रुग्णालयाने जुलैपासून जागा देऊ केली. तिकडे प्रशिक्षणाचे वर्ष जुलैच्या पहिल्या तारखेला सुरू होते. त्या तारखेला जो हजर नसेल, त्याची जागा दुसऱ्याला जाते, आणि भूलशास्त्राच्या जागा मुळातच थोड्या. म्हणजे जुलैपर्यंत पोहोचणे एवढ्यावर तिचे सगळे अवलंबून होते.

पासपोर्टाला बराच काळ लागला. नागपूरची राजधानी गेल्यापासून आमच्या कागदांना मुंबईपर्यंत प्रवास करावा लागे, आणि कागद माणसांपेक्षा सावकाश प्रवास करतात. अखेर पासपोर्ट आला तेव्हा मे महिना लागला होता. माझ्या शाळेला सुट्टी होती. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईस बोलावणे आले, त्यात असेही सुचवले होते की वडील सोबत आले तर बरे. तेव्हा मी, धाकटी आणि बाबा असे तिघे निघालो. बाबांनी स्वतः विणलेला पांढरा फेटा बांधला होता.

मुंबईत आम्ही गिरगावात उतरलो. माझ्या एका सहशिक्षिकेचे मामा तिथे राहत. पोस्टातून निवृत्त झालेले, वाचन दांडगे, आणि मराठी शुद्ध बोलण्या-लिहिण्याविषयी विलक्षण दक्ष. गृहस्थ अतिशय प्रेमळ होते. ओळख ना देख अशा तिघांना त्यांनी दोन खोल्यांच्या घरात सामावून घेतले. फक्त बाबांच्या बोलण्याने त्यांना अस्वस्थ होई. पहिल्याच सकाळी यजमानीणबाईंनी चहा विचारला तेव्हा बाबा म्हणाले, “मले नको, बाई.”

“‘मले’ नव्हे हो,” यजमान हसून म्हणाले, “‘मला’.”

“तुमाले ‘मला’,” बाबा म्हणाले, “मले ‘मले’.”

यजमानांना हे उत्तर फार आवडले. दिवसभर ते ज्याला त्याला सांगत होते. पण पुढच्या वाक्यावर पुन्हा बाबांना थांबवलेच.

अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीला ते आमच्याबरोबर आले. त्याचे कारण असे की तिथे वडिलांशी बोलायचे झाल्यास दुभाषी घरचा चालणार नाही, असे आम्हाला कळले होते. मी किंवा धाकटी ते काम करू शकत नव्हतो. यजमानांचे इंग्रजी उत्तम होते. त्यांनी आपण होऊन म्हटले, “मी येतो. शब्दास शब्द भाषांतर करून देईन. एक अक्षर इकडचे तिकडे होणार नाही.”

धाकटीची मुलाखत आधी झाली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. तिने सांगितले, मुलाखत घेणाऱ्या साहेबाने भूलशास्त्राबद्दल बरेच विचारले, परीक्षेचे गुण पाहिले, परत आल्यावर काय करणार ते विचारले; सगळे छान झाले. मग बाबा आणि यजमान आत गेले. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. त्यांना फार वेळ लागला नाही. दोघेही समाधानाने बाहेर आले. बाबा म्हणाले, “चांगला मानूस हाये. हात मिळवला मले.”

नंतर साहेबाने धाकटीला पुन्हा आत बोलावले. या वेळी ती बाहेर आली ती सरळ जिन्याकडे चालू लागली. मी मागे धावले. खाली रस्त्यावर येऊन ती थांबली. मग म्हणाली, “नाही देणार. बाबांनी सांगितलं, मी तिकडेच राहणार आहे.”

साहेब सभ्यपणे बोलला होता. तुमच्याविषयी माझे मत चांगले झाले होते, पण खुद्द वडीलच म्हणतात की गल्लीतला एक डॉक्टर तिकडे शिकून तिथेच राहिला, आणि ही मुलगीही तशीच शिकून राहील. हे ऐकल्यावर परत येण्याची खात्री मी कशी मानू? आणखी काही सांगायचे असल्यास उद्या सकाळी या, नाहीतर अर्ज नामंजूर समजा. असे त्याचे म्हणणे होते. त्यात त्याचा काही दोष नव्हता. जे कानावर पडले, त्याचा अर्थ त्याने बरोबरच लावला होता.

ट्रामने चौघे परतलो. घरी पोहोचल्यावर धाकटीने बाबांना विचारले, “बाबा, तुम्ही असं काहून सांगितलं?”

“काय सांगितलं?”

“मी तिकडेच राहीन म्हणून.”

“म्या?” बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. “म्या कधी सांगितलं वं? काका होते ना तिथं. इचार त्यायले.”

यजमान अवघडले. “बाई, तसं तुमचे वडील म्हणाले खरं. मी शब्दही बदललेला नाही. मला वाटलं, तुमच्या घरात तसं ठरलंच असेल. मी कोण मध्ये बोलणार?”

“खोटं हाये ते,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. पण ते उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. धाकटी दुसऱ्या खोलीत गेली. एका बाजूस आमचे वडील, ज्यांनी आयुष्यात कधी खोटे सांगितले नव्हते. दुसऱ्या बाजूस आमचे यजमान, ज्यांनी आमच्यासाठी आपला दिवस खर्च केला होता. दोघेही खरे बोलत आहेत, हे मला दिसत होते, आणि दोघांचे खरे एकमेकांशी जुळत नव्हते. वर्गात असे झाले, तर मी मुलींना सांगत असे की धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा. इथे पहिली ओळ कोणती, हेच मला सापडत नव्हते.

ती सापडली जेवणाच्या वेळी.

धाकटी जेवायला येईना. यजमानीणबाईंनी तिला हाताला धरून आणले आणि पानावर बसवले. बाबांच्या पानात अर्धी पोळी होती. बाई भाताचे पातेले घेऊन आल्या आणि त्यांनी विचारले, “भात वाढू ना?”

बाबा घास चावीत म्हणाले, “पोळी खाऊन राहिलो ना, बाई.”

“बरं,” असे म्हणून बाई पातेले घेऊन पुढे गेल्या. त्यांनी मला भात वाढला, धाकटीला वाढला, आणि पातेले आत नेऊन ठेवले. बाबा त्या पातेल्याकडे पाहत होते. मग त्यांनी उरलेली पोळी संपवली, रिकाम्या पानाकडे पाहिले आणि निमूटपणे पाणी प्याले.

माझा हात पानावरच थांबला. मी म्हटले, “काकू, तुम्ही बाबांना भात का वाढला नाही?”

“अगं, ते म्हणाले ना, पोळी खाऊन राहिलो. म्हणजे पोट भरलं.”

“बाबा,” मी विचारले, “तुमचं पोट भरलं?”

बाबा संकोचले. परक्या घरी मागून घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. “म्या म्हटलं, पोळी खाऊन राहिलो, ते झाली का भात घेतो. तं त्या निघून गेल्या. परवाच्यानं असंच होऊन राहिलं. म्हटलं, मुंबईत भात येका बारीतच उरकत असन.”

यजमानीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि धावत पातेले आणले. मी मात्र यजमानांकडे वळले होते.

“काका, बाबा आत्ता काय म्हणाले, ते आपल्या मराठीत सांगता?”

“पोळी खाऊन राहिलो,” ते म्हणाले. “म्हणजे पोळी खाऊन झाली आणि... राहिलो.” ते थांबले. “थांबलो.”

“त्यांच्या तोंडात तेव्हा घास होता.”

यजमानांनी बाबांच्या पानाकडे पाहिले आणि ते विचारात पडले. मी शिक्षिका आहे. समोरचा विचार करू लागला की त्याला थोडा वेळ द्यावा, हे मला ठाऊक आहे. मग मी सावकाश सांगितले. तुमच्याकडे ‘शिकून’ म्हटले की शिकणे संपले, आणि पुढचे ‘राहिला’ हे वेगळे काम सुरू झाले. आमच्याकडे ‘राहणे’ हे क्रियापद दोन नोकऱ्या करते. एका नोकरीत ते वस्ती करण्याचा अर्थ देते, जसा तुमच्याकडे. दुसऱ्या नोकरीत ते आधीच्या क्रियापदाच्या मागे उभे राहते आणि एवढेच सांगते, की ते काम आत्ता चालू आहे. तुम्ही ‘शिकत आहे’ म्हणता, तिथे आम्ही ‘शिकून राहिला’ म्हणतो. मुलींच्या निबंधात हा प्रयोग आला की मी त्याखाली रेघ ओढते आणि बाजूला ‘शिकत आहे’ असे लिहिते; परीक्षक तेच मागतात. पण तो काही गबाळेपणा नाही. तो काळ आहे. चालू काळ.

“म्हणजे,” यजमान हळूहळू म्हणाले, “गल्लीतला मुलगा तिकडे शिकून राहिला...”

“तिकडे शिकतो आहे. अजून त्याची मुदत संपायची आहे.”

“आणि ही तशीच शिकून राहील...”

“हीही तशीच शिकत असेल.”

यजमानांनी पानावरचा हात उचलून बाजूला धरला. “अरे देवा. मी शब्दास शब्द दिला.”

“शब्द सगळे बरोबर होते, काका.”

“म्या काय म्हून राहिलो होतो मंग?” बाबा म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. नकार मिळाल्यापासून प्रथमच धाकटी हसली, आणि हसता हसता रडली, आणि मग जेवली.

हे कळणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्याला पटवून देणे ही दुसरी. साहेबाला मराठी येत नव्हते. काल एक अर्थ सांगितला, आज त्याच वाक्याचा उलट अर्थ सांगायचा, तोही नकार मिळाल्यावर. कोणत्याही शहाण्या माणसाला त्यात लबाडी दिसेल. मी यजमानांना म्हटले, तुम्ही येऊ नका, तुमची शोभा व्हायला नको. त्यांनी काळी टोपी डोक्यावर ठेवली. “चूक माझ्या तोंडून गेली आहे, बाई. ती दुरुस्त करायला दुसऱ्याचं तोंड कसं चालेल?”

सकाळी साहेबाने आम्हा चौघांना आत बसवले. यजमानांनी उभे राहून सरळ सांगितले, की माझ्याकडून भाषांतर चुकले. या गृहस्थांच्या भागात तो शब्दप्रयोग निराळ्या अर्थाने वापरतात आणि ते मला ठाऊक नव्हते. साहेबाने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, महाशय, तुम्ही सज्जन दिसता, आणि सज्जन माणसे पाहुण्यांसाठी पुष्कळ काही करतात. मी कोणते भाषांतर खरे मानू?

मी बोलण्याची परवानगी मागितली. माझे इंग्रजी पुस्तकी होते; आजही आहे. मी म्हटले, आमच्यापैकी कोणावरही विश्वास ठेवू नका. माझ्या वडिलांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही आणि आपण काय बोलत आहोत, हे त्यांना कळत नाही. तुम्हीच त्यांना असा काही प्रश्न विचारा, ज्याच्या उत्तरातले खरेखोटे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आणि काकांनी त्याचे काल केले तसे शब्दास शब्द भाषांतर करावे.

साहेबाला यात गंमत वाटली असावी. तो खुर्चीत मागे रेलला. थोडा विचार करून त्याने बाबांना विचारायला सांगितले, की तुम्ही नागपूरला परत कधी जाणार?

यजमानांनी विचारले. बाबांनी फेटा सावरला. “उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊन राहिलो, साहेब.”

यजमान उभे राहूनच, शाळेत कविता म्हणावी तसे, एकेक शब्द इंग्रजीत मांडू लागले: उद्या, सकाळच्या, गाडीने, नागपूरला, गेलो, आणि, तिथे, राहिलो.

साहेबाने बाबांकडे पाहिले. बाबा त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर, गुडघ्यांवर पंजे ठेवून बसले होते. त्याने यजमानांना पुन्हा म्हणायला सांगितले. यजमानांनी पुन्हा म्हटले. मग तो म्हणाला, “म्हणजे हे गृहस्थ उद्या नागपूरला जाऊन राहिले, आणि आज माझ्यासमोर बसले आहेत?”

“बसून राहिले आहेत,” यजमान गंभीरपणे मराठीत म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. यजमान कशाला हसतात, ते न कळताही साहेब हसू लागला. बाबा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. “काय झालं वं?” त्यांनी मला विचारले. मी म्हटले, “काही नाही बाबा. बरोबर उत्तर दिलं तुम्ही.”

साहेब हसला, तरी आपले काम विसरला नाही. त्याने गल्लीतल्या त्या मुलाचे नाव विचारले आणि कपाटातून त्याचा अर्ज काढवला. त्याला दिलेली मुदत अजून संपलेली नव्हती. तो शिकूनच राहिला होता, आमच्या अर्थाने. साहेबाने अर्ज मिटला आणि यजमानांना म्हटले, आता शेवटचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मला कसेही दिलेत तरी चालेल, फक्त समजेल असे द्या. मुलगी परत येईल का?

हा प्रश्न आदल्या दिवशी बाबांना विचारलाच गेला नव्हता. उत्तर मिळाले असे समजून त्याने तो सोडून दिला होता.

बाबांना प्रश्न कळला, पण त्यामागचे कारण कळेना. ते जरा चिडले. “येईन नाही तं काय करीन? घर हाये तिचं. दवाखाना हाये. मायने आतापासूनच देवाले नवस बोलून ठेवला, तो काय मी येकटा फेडू?” मग त्यांना वाटले, परक्या माणसाशी आपण तोडून बोललो, म्हणून ते मऊपणे म्हणाले, “तुमच्या लोकायनं तिले चांगलं शिकवा मात्र. लेकरायची भूल हाये, साहेब. त्याच्यात कसूर नाही पाहिजे.”

यजमानांनी यातला एक शब्द गाळला नाही. नवसाचे इंग्रजी करताना त्यांना घाम फुटला, पण त्यांनी केले. पुढचे सांगायचे तर धाकटी मुदत पुरी करून परत आली, नागपुरातच राहिली, आणि भूल देण्यासाठी डोक्याशी बसणारे माणूस रिकामटेकडे नसते, हे तिने कित्येक तरुण डॉक्टरांना हाताला धरून शिकवले. पण त्या सकाळी हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या सकाळी आम्ही साहेबाच्या लेखणीकडे पाहत होतो. त्याने काहीतरी खोडले, बाजूला काहीतरी लिहिले, आणि धाकटीला म्हटले, “दुपारी पासपोर्ट घेऊन जा, डॉक्टर.”

दुपारी तो घेतला. शिक्क्याची शाई इतकी ताजी होती की धाकटीने पान मिटू दिले नाही. उघडा पासपोर्ट दोन्ही हातांनी समोर धरून ती जिना उतरली.

खाली आल्यावर यजमानांनी जाहीर केले, की अमेरिकेत जायचे तर लोकरी ओव्हरकोट हवा, आणि तो नागपुरात मिळणार नाही. ते आम्हाला एका दुकानात घेऊन गेले. बाहेर माणसे सावली शोधत होती. दुकानदाराने पंखा आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, “मे महिन्यात ओव्हरकोटाचं गिऱ्हाईक? बाई, मुलगी बरी आहे ना?”

“डॉक्टर हाये ते,” बाबा म्हणाले. “तुमीच बरे हा ना?”

तीन कोट निघाले. बाबांनी तिन्ही कोट उजेडात नेले, कापड दोन बोटांत धरून चोळले, उलटे करून पाहिले आणि काळ्या रंगाचा बाजूला ठेवला. दुकानदार म्हणाला, अस्सल विलायती आहे. बाबा म्हणाले, असू दे, वीण चांगली आहे. किमतीवरून यजमान आणि दुकानदार यांच्यात चांगलीच जुंपली. तिथे यजमानांची शुद्ध भाषा थोडी ढळली, हे मी ऐकले आणि काही बोलले नाही.

दुकानदार कोट कागदात बांधू लागला. धाकटीने तो काढून घेतला, अंगात घातला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणे लावली आणि रस्त्यावर आली. माणसे वळून पाहू लागली. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

“काढ ना वं तो,” बाबा म्हणाले. “चक्कर येईन.”

“नाही काढत.”

ट्राम आली. मुंबईची सगळी गर्दी बाजूला सरून त्या कोटाकडे पाहत उभी राहिली, आणि धाकटी तिच्यातून वाट काढीत सगळ्यांच्या आधी चढली.